निरगाठ, सुरगाठ

आईंचं कपाट रविवारी चार वाजता सगळ्यांसमोर उघडायचं, असं सासऱ्यांनी, आप्पांनी ठरवलं आणि थोरलीने हातातली कात्री खाली ठेवली. ते कपाट तिने वीस दिवसांपूर्वीच उघडलं होतं.

तसं ते उघडायला काही कष्ट नव्हते. किल्ली टिकल्यांच्या डब्यात असते हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पण आईंना जाऊन आठ महिने झाले तरी त्या दाराला हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती. कामाची खोली रोज उघडत होती. कार्डं, टॅग, भेटपिशव्या पूर्वीसारख्याच तयार होऊन जात होत्या. लांब टेबलाच्या एका टोकाला थोरली सून, दुसऱ्या टोकाला धाकटी, आणि दोघींच्या मधोमध भिंतीला टेकून ते कपाट. ज्या दिवशी खोलीत फार शांतता असे, त्या दिवशी थोरलीला वाटायचं, कुणीतरी आत बसून आपल्या कात्रीचा आवाज ऐकतंय. कुठे हात अडखळला, तर तिकडेही काहीतरी क्षणभर थांबतंय.

धाकटीला कागद कापायचं मशीन आणायचं होतं. थोरलीला नको होतं. मशीनला जागा हवी, म्हणून कपाट हलवायचं, म्हणून आधी रिकामं करायचं, असा तो रविवार ठरला होता. गेले तीन महिने दोघी जावांमध्ये कामापुरतंच बोलणं होतं. फीत संपली. कात्री सरकवा. दार ओढून घे.

वीस दिवसांपूर्वी दोनशे टॅगांचं काम आलं आणि फुलं कापायचा पंच सापडेना, तेव्हा थोरलीने किल्ली लावली होती. पंच खालच्याच कप्प्यात होता. वरच्या कप्प्यात मात्र सहा भेटपिशव्या ओळीने उभ्या होत्या. आईंच्या हातच्या, तळाची घडी सुरीसारखी, तोंडं उघडी. प्रत्येकीला एक टॅग. टॅगांवर नाव नव्हतं, चित्रं चिकटवलेली होती. आप्पांना काठी. थोरल्याला कात्री. मास्तरीणबाईंना, म्हणजे नणंदेला, चष्मा. धाकटा माल पोचवायची गाडी चालवतो, त्याला चाक. धाकटीला खरंखुरं बटण. आणि शेवटच्या टॅगवर कागदाची बारीक ज्योत होती. थोरली रोज कात्री हातात घेण्याआधी पणती लावून, डोळे मिटून बसते, त्यावरून.

पिशव्यांत वाढदिवसाची कार्डं होती, ज्याची त्याची, फितीने बांधलेली. मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीने वय लिहिलेलं. पुढची सगळी वर्षं, एकामागून एक.

थोरलीने आधी आपलीच पिशवी उचलली. याची लाज तिला पुढे रोज वाटत राहिली. गाठ न सोडता तिने अंगठ्याने कडा चाळल्या. बावन्नपासून अडुसष्टपर्यंत. सतरा. तिचा जीव भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडला हे लक्षात आल्यावर ती घाबरली. म्हणजे आपण हे खरं धरून चाललोय.

न धरून करणार काय? आत्याबाईंची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. आप्पांच्या या बहिणीला आईंनी एकदा एकदम तीन कार्डं करून दिली होती, फितीने बांधून. "दर वर्षी एकेक काढा, वन्सं." सगळे हसले होते. तिसरं कार्ड काढलं त्या वर्षी आत्याबाई गेल्या. चौथं का केलं नाही, असं कुणी विचारलं तर आई म्हणायच्या, "हाताला आलं नाही."

शिवाय गाठ होती. आईंच्या कामात दोन गाठी. काम अर्धं असेल तर गठ्ठ्याला सुरगाठ, एक टोक ओढलं की सुटणारी. काम पुरं झालं की निरगाठ, आणि फितीची टोकं तिरकी कापलेली. तिरकी टोकं दिसली की त्या गठ्ठ्यात कुणी काही घालायचं नाही, काढायचं नाही. एवढा एक नियम त्या खोलीत सुना आल्या दिवसापासून शिकल्या होत्या.

सहाही गठ्ठ्यांना निरगाठ होती. चाकाच्या पिशवीत कार्डं दोनच होती. चाळीस आणि एकेचाळीस.

दीर एकोणचाळीसचा होता. तिने गाठ सोडली. चाळिसाव्या कार्डात आत एकच शब्द होता, आईंच्या तिरप्या अक्षरात: जपून. एकेचाळिसाव्यातही एकच शब्द होता.

ये.

थोरलीने कार्ड मिटलं. खोलीत वारा नव्हता, तरी टेबलाखालच्या कागदाच्या कातरणी थोड्या सरकल्या, एका बाजूला, जशा कुणाच्या पदराने सरकाव्यात.

खोटं बोलायचं नाही, हा तिचा चोवीस वर्षांचा नेम होता. खोटं करायचं नाही असा नेम तिने कधी घेतला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून, धाकटी माल द्यायला गेली की ती खळ शिजवायला ठेवायची. बाटलीतला गोंद आईंच्या हयातीत त्या कपाटात गेला नव्हता. पिठाची पातळ खळ, तीच लावायची. जुना कागद, जुन्या फिती, आईंचा पंच. सतरा दुपारी, सतरा कार्डं, बेचाळीसपासून अठ्ठावन्नपर्यंत. आपल्याला जेवढी मिळाली तेवढीच त्याला, असा तिचा हिशेब होता. प्रत्येकात आत लिहिलं: जपून. खळीला कागद कुरतडणारी कसर लागते, आईंच्या कार्डांना ती लागलेली होती, म्हणून तिने सुईने बारीक भोकंही पाडली. आणि एकेचाळिसाव्या कार्डातल्या त्या शब्दावर पाच पाकळ्यांचं कागदी फूल चिकटवलं. मग निरगाठ मारली आणि टोकं तिरकी कापली.

टोकं कापताना आईंची कात्री तिच्या हातात चटका बसावा इतकी गार लागली होती.

*

रविवारी किल्ली मास्तरीणबाईंनी लावली. शाळेत तीस वर्षं फळा पुसलेला हात. तो दाराच्या मुठीवरून फिरला आणि थांबला.

"आठ महिने बंद, आणि धूळ नाही?" त्यांनी मागे वळून पाहिलं. "कुणी उघडलं होतं?"

आप्पा खुर्चीत, त्यांचे दोन्ही मुलगे कामाच्या टेबलावर पाय सोडून, धाकटी चहाचा ट्रे घेऊन दारात.

"मी," थोरली म्हणाली.

"कशाला?"

"फुलांचा पंच हवा होता, वन्सं."

"म्हणजे आत काय आहे ते पाहिलंस."

"पाहिलं."

"आणि कुणाला सांगितलं नाहीस."

"कुणी विचारलं नाही."

"बघ," धाकटा भावाला कोपराने ढोसत म्हणाला, "वहिनी खोटं बोलत नाही, पण खरं काढायला तिच्या मागे वॉरंट घेऊन फिरावं लागतं."

"तू गप्प बस रे." मास्तरीणबाईंनी चष्मा वर सरकवला. "पाहिलंस ते पाहिलंस. काही हलवलंस का? सरळ सांग."

थोरलीने टेबलावरची फीत उचलली आणि बोटाला गुंडाळली. हो म्हणावं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता आणि दीर समोर बसला होता, पाय हलवत, बहिणीची नक्कल करत. नाही म्हणावं तर चोवीस वर्षं गेली.

दारात मोठा आवाज झाला. धाकटीच्या हातातला ट्रे कलंडला होता. दोन कप खाली, चहा उंबऱ्यापासून कागदाच्या रिमपर्यंत.

"अगंबाई. कागद उचला, कागद उचला."

सगळे उठले. पुसापुशी झाली. थोरला पुटपुटला, "मशीन येऊ दे, मग तेही भिजव." धाकटी जमिनीवर बसून फडकं पिळत होती. तिने मान वर केली नाही. फडक्याच्या बाहेर एक थेंब पडू न देणारी बाई ती. थोरलीच्या मनात काहीतरी टोचलं, पण तेव्हा तिला एवढंच कळलं की प्रश्न बुडाला.

पिशव्या टेबलावर आल्या. ज्याची त्याला. मास्तरीणबाई वर्गात वह्या वाटाव्यात तशा वाटत गेल्या आणि मोजत गेल्या.

"आप्पा, तुमची चार."

"चार?" आप्पा हसले. "बरं झालं. जास्त दिली असती तर गुडघ्यांनी शिव्या घातल्या असत्या तिला."

"दादा बावीस. माझी सव्वीस. तुझी किती रे?"

"एकोणीस," धाकटा म्हणाला. "म्हणजे अठ्ठावन्नला आपला खेळ खलास. आत्याबाईंची तीन आठवतात ना सगळ्यांना?"

कुणी हसलं नाही. तो स्वतःच थोडा हसला आणि मग त्यानेही थांबवलं.

"काहीतरी बोलू नकोस," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आई एकेकाची करत होती. जेवढी हातून झाली तेवढी झाली. मध्येच गेली, काम राहिलं. एवढा साधा अर्थ आहे."

"गाठ बघ," आप्पा म्हणाले.

मास्तरीणबाईंनी गाठ पाहिली. टोकं पाहिली. मग त्यांनी आपली पिशवी मांडीवर घेतली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले, झाकल्यासारखे.

"धाकटीची तीस," त्या म्हणाल्या. "आणि वहिनी, तुझी सतरा."

थोरलीने ज्योतीचा टॅग असलेली पिशवी घेतली. यावेळी खिडकी उघडी होती आणि चारचं ऊन थेट टेबलावर पडलं होतं. कार्डांच्या कडा उन्हात आल्या. बावन्नाव्या कार्डाला कसरीने चांगलं कुरतडलं होतं. कडेची पाकळी जाळीसारखी झाली होती. त्याच्या पाठीमागचं कार्ड मात्र कोरं करकरीत होतं. त्याच्या मागचंही. सोळाच्या सोळा कार्डांना एक ओरखडा नव्हता, आणि पाकळ्यांच्या खाली जिथे गोंद जरा जास्त झाला होता, तिथे तो वाळून काचेसारखा चकाकत होता.

बाटलीतला गोंद.

खोलीत सगळे बोलत होते. तिला ते पाण्याखालून ऐकू यावं तसं येत होतं. आप्पांनी आपल्या गठ्ठ्याची फीत सोडली, पहिली तीन कार्डं बाजूला ठेवली आणि चौथं उघडलं. वाचलं. बराच वेळ पाहत राहिले. मग मिटून सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

"काय लिहिलंय, आप्पा?"

"आमचं आमच्यातलं आहे." त्यांचा आवाज खाली आला होता, पण चेहरा लग्नातल्या फोटोतल्यासारखा दिसत होता. "मी म्हातारा आहे, मी पाहिलं. तुम्ही कुणी पुढचं पाहायचं नाही. वर्षाला एक. कळलं? कुणी कुणाची मोजायची नाहीत, कुणी शेवटचं उघडायचं नाही. आणि कपाट इथेच राहील. मशीनला दुसरी जागा बघा."

एरवी धाकटी या वाक्यावर गप्प बसली नसती. थोरलीने वर पाहिलं. धाकटी टेबलाच्या पलीकडून तिच्याकडेच पाहत होती.

*

साडेपाचला मंडळी पांगली. धाकट्याने बहिणीला गाडीतून सोडायला नेलं, आप्पा गॅलरीत जाऊन बसले. कामाच्या खोलीत दोघी उरल्या, आणि कपाट.

धाकटीने दार ओढून घेतलं. मग खळीचं भांडं उचलून नळाखाली धरलं. ते स्वच्छच होतं.

"कसर गोल खात नाही, वहिनी," ती पाठमोरीच म्हणाली.

थोरलीने मान वर केली.

"तुमची भोकं गोल आहेत. सुईची ना? काल मी यांची पिशवी हातात घेतली तेव्हाच पाहिलं. दोनाची एकोणीस झाली होती. कोणी केली असतील ते कळायला काय लागतं? घरात खळ कुणाला जमते?"

"तुला दोन आहेत हे कधीपासून माहीत?"

"आईंच्या तेराव्या दिवसापासून." नळ बंद झाला. "मला फीत हवी होती. तुम्हाला पंच हवा होता, तशी. सगळ्यांच्या पाहिल्या मी. तुमच्यासारखी एखाददुसरी पाहून थांबले नाही."

"माझ्या पिशवीत किती होती?"

धाकटीने भांडं उपडं ठेवलं आणि पदराला हात पुसले. एकेक बोट वेगळं.

"आता तुम्हाला कळलंय ना. मग मला कशाला बोलायला लावता?"

बाहेर गॅलरीत आप्पांची काठी जमिनीवर वाजली. एकदा. मग पुन्हा शांत.

"एक," थोरली म्हणाली. तो शब्द अगदी साधा निघाला, दुकानात सांगावा तसा.

"मी रोज तुम्हाला पाहत होते. समोरच बसता. पणती लावता, डोळे मिटता, आणि मला वाटायचं, आता ही बाई उठेल आणि पंच शोधायला म्हणून कपाट उघडेल, आणि मोजेल. झोप उडाली माझी. मग केली. सोळा. तुम्ही नव्हता तेव्हा, तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं असायचं त्या दिवसांत."

"आणि नवऱ्याची? त्याची केली नाहीस?"

"बसले होते करायला." धाकटीचा आवाज पहिल्यांदा हलला. "बेचाळीस लिहायला पेन्सिल घेतली आणि हात धजला नाही. वाटलं, मी लिहिलं आणि खरं नाही झालं तर. तुमचं लिहिताना तसं वाटलं नाही. तुमचं आपलं भराभर लिहून काढलं. त्याचा राग नका धरू."

"राग कसला." थोरली स्टुलावर बसली.  "तीन महिने भांडत होतीस माझ्याशी."

"मग काय, गोड बोलायला लागले असते तर तुम्हाला संशय आला नसता?"

हे ऐकून थोरलीला हसू आलं. खरंच आलं. धाकटीलाही आलं, आणि मग तोंडावर हात ठेवून ती टेबलाच्या तिच्या टोकाला न जाता या टोकाला, थोरलीच्या शेजारी येऊन बसली.

"तुला तीस," थोरली म्हणाली. "ती तरी आईंचीच आहेत ना?"

"सगळी. कसरीने सगळी खाल्लीत. शेवटचं, सहासष्टचं उघडून पाहिलंय मी. त्यातच तो शब्द आहे. त्याच्या आधी कुठे नाही." ती बटणाचा टॅग बोटाने फिरवत राहिली. "सगळ्यांच्या पिशव्या एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा, वहिनी. एकेक करून ही खोली रिकामी होत जाते. मशीन कशाला हवं होतं मला? तेवढाच काहीतरी आवाज राहिला असता इथे."

कपाटाचं लाकूड कुठेतरी आत करकरलं. ऊन उतरलं की लाकूड वाजतंच. दोघींनी तिकडे पाहिलं नाही.

थोरलीने आपल्या गठ्ठ्याची निरगाठ नखाने सैल केली आणि बावन्नावं कार्ड काढलं. वाढदिवसाला अजून नऊ दिवस होते. जुना मऊ कागद, कुरतडलेल्या पाकळ्या, मध्ये एक टिकली. तिने ते उघडलं.

आत पाच पाकळ्यांचं कागदी फूल चिकटवलेलं होतं. पिवळं. थोडं वाकडं.

ती त्या फुलाकडे पाहत राहिली. असंच एक तिने स्वतः चिकटवलं होतं, लाल, चाकाच्या पिशवीतल्या कार्डात. दोघींनी एकमेकींना न विचारता तोच पंच उचलला होता आणि तीच जागा झाकली होती. फुलाखाली काय आहे ते तिला वाचायची गरज नव्हती. तरी बोट गेलं. एक पाकळी नीट चिकटली नव्हती, नखाखाली येत होती, आणि क्षणभर तिला स्पष्ट वाटलं की आपण ती उचलत नाही, ती खालून उचलली जातेय.

शेजारी धाकटी पुढे झुकली होती.

थोरलीने टेबलावरचा चमचा घेतला, त्याची पाठ पाकळीवर ठेवली आणि घडी दाबतात तशी ती सावकाश, जोर लावून दाबली. शंभरपर्यंत मनात मोजलं. चमचा उचलला. पाकळी बसली होती.

"पिवळं का गं लावलंस?"

"तुम्हाला आवडतं म्हणून."

"मला कुठे आवडतं? ते आईंना आवडायचं."

धाकटीचा चेहरा उतरला. "त्रेपन्नाव्यालाही पिवळंच लावलंय मी. बाहेरून. पुढच्या बऱ्याच कार्डांना."

"मग बदल. निळी लाव. आणि गोंद नको, उद्या खळ शिकवते. गुठळी होऊ न देता शिजवायची, एवढंच त्यात आहे."

"उद्याच?"

"त्रेपन्नाव्याला वर्ष आहे. सावकाश कर."

तिने सतराही कार्डं पुन्हा एकावर एक रचली. फीत घेतली, वेढा दिला, आणि गाठ मारली. धाकटीने सवयीने कात्री पुढे केली. थोरलीने ती घेतली आणि टेबलावर आडवी ठेवून दिली. मग उठून दिराने जाताना परत कपाटात ठेवलेली चाकाची पिशवी आणली, तिच्यातल्या गठ्ठ्याची निरगाठ सोडली, आणि त्यालाही तशीच गाठ मारून दोन्ही गठ्ठे धाकटीच्या हातात दिले.

धाकटीने खाली पाहिलं. सुरगाठ होती. दोन्ही फितींची टोकं लांब, न कापलेली, तिच्या मनगटावर लोंबत होती.